आधी तारीख लिहा

फोंडा तालुक्यात केरीजवळ भूतखांबचं पठार आहे. नव्वदच्या दशकात तिथे थापर-ड्युपाँ कंपनीचा नायलॉन ६,६ चा कारखाना येऊ घातला होता. जमीन संपादित झालेली, सरकार पाठीशी, भागीदार अमेरिकेतला बलाढ्य. विरोधात उभे राहिले ते केरी, सावईवेरे आणि आजूबाजूच्या गावांतले कुळागरवाले, शिक्षक, विद्यार्थी, घरातल्या बायका. त्यांनी कारखान्याची रसायनं कोणती, पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार हे विचारायला सुरुवात केली आणि उत्तरं मिळेनात म्हणून रस्ता धरला. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांनी गोळीबार केला, त्यात निलेश नाईक हा तरुण गेला. त्याच वर्षी कंपनीने गोवा सोडला आणि कारखाना तामिळनाडूत गुम्मिडीपूंडीला उभा राहिला. पुढे काही वर्षांनी याच पठारावर एका औषध कंपनीचं विशेष आर्थिक क्षेत्र आलं. गोवाभर आंदोलन पेटलं आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना गोव्यातली ही क्षेत्रं रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं.

मानवी हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीतला आयोग किंवा एखादी परदेशी संस्था येते. प्रत्यक्षात हे काम बहुतेक वेळा गावातली आठ-दहा माणसं करतात. त्यांच्याकडे कचेरी नसते, पगार नसतो, पुष्कळदा नोंदणीसुद्धा नसते. गोव्यात तर ही रीत स्वातंत्र्याच्याही आधीची. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस मडगावात बोलायला उभे राहिले, ते सभा आणि भाषणाचा हक्क मागायला. पोर्तुगीज गेले ते पंधरा वर्षांनी. हक्काची मागणी आधी झाली.

हा लेख अशा आठ-दहा माणसांसाठी आहे. तुमच्या वाड्यावर समिती असेल, महिला मंडळ असेल, वाचनालय असेल किंवा नुसता चार मित्रांचा कट्टा असेल, तरी चालेल. माझं म्हणणं एवढंच की मोर्चाला आपण जेवढी मेहनत घेतो, त्याच्या निम्मी जरी नोंदींवर घेतली तर कामं होतात. आपल्याकडे घोषणा देणारे खूप आहेत, वही ठेवणारे कमी.

वही

समिती झाली की पहिल्याच दिवशी एक जाड वही घ्या आणि ती एकाच माणसाकडे द्या. जो कमी बोलतो त्याच्याकडे दिलेली बरी. घटना कळली की तारीख, वेळ, जागा, कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, हे त्याच दिवशी लिहायचं. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं लिहायचं. फोटो मोबाईलवर राहू द्यायचे नाहीत. मूळ फाईल दोन ठिकाणी जपायची, कारण व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत वेळ-तारखेची मूळ माहिती उरत नाही आणि समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

मग तक्रार. डिचोली तालुक्यातल्या एखाद्या खाणपट्ट्यातल्या वाड्याची विहीर बिघडली आहे असं धरू. आपल्याकडे तक्रारअर्ज सहसा असा जातो: ‘खाण कंपनी गेली कित्येक वर्षं आमच्यावर अन्याय करीत असून प्रशासन झोपी गेले आहे. आमच्या हक्कांची पायमल्ली होत आहे. तरी त्वरित कारवाई व्हावी.’ खाली चाळीस सह्या. या अर्जाचं उत्तर देणं अधिकाऱ्याला फार सोपं असतं. ‘चौकशी सुरू आहे’ लिहिलं की झालं.

हाच अर्ज असा लिहून पाहा. ‘आमच्या वाड्यावर बावीस घरं असून पिण्याच्या पाण्याची एकच सार्वजनिक विहीर आहे. ५ मार्च रोजी विहिरीचं पाणी लाल झालं. त्या दिवशी सकाळी काढलेले फोटो जोडले आहेत. ७ मार्चला पंचायत सचिवांना लेखी कळवलं, आवक क्रमांकाची प्रत जोडली आहे. १२ मार्चला एक टँकर आला, त्यानंतर आलेला नाही. आमची मागणी: पाण्याचा नमुना आमच्यासमोर घ्यावा, तपासणी अहवालाची प्रत आम्हाला द्यावी, आणि विहीर वापरण्याजोगी होईपर्यंत रोज टँकर पाठवावा.’ अन्याय हा शब्द कुठेही नाही, पण प्रत्येक ओळीला उत्तर द्यावं लागतं. सह्या चारच असल्या तरी चालतील, फक्त त्या चौघांनी उद्या चौकशीला यायची तयारी ठेवावी.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि सही घ्यायची. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता टपाल कचेरीत जा, स्पीड पोस्टने पाठवा, पावती वहीत चिकटवा. अर्ज घेतला नाही ही गोष्टही तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

कोतवालीच्या पायरीवर

रात्री फोन येतो, अमक्याच्या मुलाला पोलिसांनी नेलंय. या वेळी समितीचं काम वकिलाच्याही आधी सुरू होतं, आणि कायद्यानेच समितीसाठी जागा ठेवली आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३६ नुसार अटकेचा पंचनामा करावा लागतो आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. घरची माणसं घाबरलेली असतात. तेव्हा सही करायला, पण आधी वाचून सही करायला, तुमच्यापैकी दोघांची नावं ठरलेली हवीत.

ठाण्यात गेल्यावर आवाज चढवू नका. थेट विचारा: अटक केली आहे की नुसतं चौकशीला बोलावलं आहे? अटक असेल तर किती वाजता, कोणत्या गुन्ह्यात? चौकशीला बोलावलं असेल तर लेखी नोटीस कुठे आहे? साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईमाणसाला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा साठीच्या वरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. ती घटनेच्या कलम २२ ची हमी आहे आणि प्रवासाचा वेळ तेवढा त्यातून वगळतात. त्याची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा त्याला हक्क आहे. हे सगळं विचारताना पलीकडच्या माणसाचं नाव, हुद्दा आणि वेळ लिहीत राहा. लिहिणारा माणूस समोर बसला की ठाण्यातल्या बोलण्याचा सूर बदलतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

मारहाण झाल्याचा संशय असेल तर एक अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे बसवायला आणि चित्रीकरण ठरावीक काळ साठवून ठेवायला सांगितलं आहे. तुम्ही मागितलं होतं याचा शिक्का तुमच्याकडे असला म्हणजे नंतर ‘चित्रीकरण मिळत नाही’ या उत्तराला फारशी किंमत राहत नाही.

अटकेचे हे नियम आभाळातून पडलेले नाहीत. बंगालमधल्या एका विधी साहाय्य संस्थेचे प्रमुख डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्या जोडून देशाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झालं आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला. त्यातले नियम पुढे कायद्यात गेले. त्याआधी पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या बायकांच्या छळाबद्दल असंच पत्र लिहिलं होतं आणि १९८३ मध्ये न्यायालयाने स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री पोलीसच असाव्यात असं बजावलं. दोन्ही ठिकाणी सुरुवात एका पत्राने झाली, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आमच्या अर्जाला कोण विचारतो’ हे वाक्य मी गावोगावी ऐकतो.

उलट बाजू, म्हणजे तुमचीच फिर्याद पोलीस घेत नसतील तर? दखलपात्र गुन्ह्यात प्राथमिक माहिती अहवाल नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये पक्कं केलं. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंद जवळच्या ठाण्यात होऊ शकते आणि फिर्यादीला प्रत फुकट मिळते. नकार मिळाला तर फिर्याद लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा. फोंडेकरांनी इथे एक लक्षात ठेवावं: २०१५ पासून फोंडा तालुका दक्षिण गोव्यात आहे, म्हणजे आपले अधीक्षक आणि जिल्हाधिकारी मडगावचे. पेडणे आणि डिचोली उत्तरेतच. चुकीच्या जिल्ह्यात गेलेला अर्ज परत यायला महिना लागतो.

वकिलाचे पैसे नाहीत हे कारण सांगू नका. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. मदतवाहिनीचा क्रमांक १५१००.

कोणाचं दार

गोवा मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. पण त्याच्या मर्यादा ओळखूनच जा. सरकारी नोकराने हक्क मोडला किंवा मोडला जात असताना हात बांधून बसला, असं दाखवता आलं पाहिजे. शेजाऱ्याशी बांधाचा वाद, वाटणीची भांडणं, बढती-बदलीच्या तक्रारी तिथे टिकत नाहीत. निनावी तक्रार टिकत नाही. आयोग अहवाल मागवू शकतो, साक्षीदार बोलावू शकतो, भरपाईची शिफारस करू शकतो. शिक्षा देत नाही. केंद्राच्या अखत्यारीतला विषय असेल, म्हणजे पेडण्यातल्या रेल्वे मार्गाचं काही असेल, तर राष्ट्रीय आयोगाकडे लिहायचं. त्यांची मदतवाहिनी १४४३३. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी गोव्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. आणि मुंडकाराचं घर ही १९७५ च्या मुंडकार कायद्याखालची बाब असेल तर मामलेदाराकडेच जावं लागतं. फक्त, जमीनमालकाच्या बाजूने पोलिसांनीच घराबाहेर काढलं तर तो मानवी हक्कांचा प्रश्न होतो.

कुठल्याही दारावर जाण्याआधी हातात कागद हवेत, आणि ते मिळवायला माहितीचा अधिकार आहे. गोव्याने देशाच्या आठ वर्षं आधी, १९९७ मध्येच स्वतःचा माहिती कायदा केला होता. आपण तो विसरलो. आता २००५ चा केंद्रीय कायदा चालतो. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास, आणि तसं अर्जाच्या डोक्यावरच लिहायचं. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, त्याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘अमुक अर्जावर आजवर झालेल्या टिपणीच्या प्रती द्या’ असं मागा.

कागद वाचण्याने काय होतं ते पेडण्याने पाहिलं. मोपा विमानतळाच्या पर्यावरण परवान्यासाठी भरलेल्या अर्जात पंधरा किलोमीटरच्या परिसरातल्या संवेदनशील जागांची माहिती विचारलेली होती. ती नीट दिलेलीच नाही, हे हनुमान लक्ष्मण आरोस्कर आणि फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स यांनी लावून धरलं. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवाना स्थगित केला. जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटी घालून स्थगिती उठली, देखरेख नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. म्हणजे विमानतळ थांबला नाही. मोपाच्या पठारावरच्या धनगरांना उठावं लागलंच. पण अर्ज खोटा किंवा अर्धवट भरून चालत नाही, हा या निकालाचा दाखला आज देशभर देतात. समितीने जिंकण्याची व्याख्या करताना हे ध्यानात ठेवावं.

ग्रामसभेबद्दल थोडं कडक बोलतो. आपण रविवारी जातो, तावातावाने बोलतो, घरी येतो. पुढच्या सभेत कार्यवृत्त वाचलं जातं तेव्हा आपला ठराव भलत्याच शब्दांत असतो, किंवा नसतोच. ठराव घरून लिहून न्या, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांसह सचिवांना द्या, शिक्का घ्या. आठवड्याने कार्यवृत्ताची प्रत मागा. चुकीचं असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत. खाणीबद्दल असो की मेगा प्रकल्पाबद्दल, न्यायालयात ग्रामसभेचा ठराव विचारला जातो, तिथली भाषणं कोणी विचारत नाही.

आपला आणि परका

डिचोलीत हा विषय सोपा नाही, हे कबूल केलं पाहिजे. गोवा फाऊंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिले. दुसऱ्या निकालाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी थांबल्या. शिरगावच्या ज्या माणसाने विहीर आटताना पाहिली त्याला हा न्याय वाटला. ज्याने ट्रकसाठी कर्ज काढलं होतं तो ‘आमच्या पोटाचं काय’ म्हणत पणजीत रस्त्यावर आला. दोघंही नागरी समाजच. पाण्याचा हक्क आणि उपजीविकेचा हक्क एकाच वाड्यावर समोरासमोर आले की समितीने एका बाजूचा झेंडा घेऊन दुसऱ्याला कंपनीचा माणूस किंवा विकासाचा शत्रू ठरवू नये. आता लिलावानंतर खाणी पुन्हा सुरू होताहेत, मुळगावकर घरं, देवळं आणि शेती पट्ट्यातून वगळा म्हणताहेत. अशा वेळी ट्रकवाल्यालाही बैठकीला बोलवा. त्याची विहीरही त्याच गावात आहे.

त्याहून अवघड परीक्षा वेगळीच आहे. जमीन, पाणी, देऊळ यांवर आपल्या समित्या चटकन उठतात. पण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत झारखंडचा किंवा ओडिशाचा कामगार यंत्रात हात गमावतो आणि ठेकेदार त्याला गावी धाडून मोकळा होतो, तेव्हा कोण जातं? निरंकालच्या वानरमारे जमातीच्या वस्तीतल्या माणसाला कागद नसल्यामुळे प्रत्येक खिडकीवरून परत फिरावं लागतं, तेव्हा त्याच्याबरोबर कोण उभं राहतं? चोरी झाली की पोलीस आधी भाडेकरूंच्या खोल्यांकडे वळतात, आणि त्या वेळी गाव गप्प असतो. कधी कधी खूशही असतो. मानवी हक्कांचं काम करणारी समिती आणि गावकीची समिती यांतला फरक इथे कळतो. आपल्या वहीत परक्याच्या नावाने किती पानं आहेत, हे वर्षातून एकदा मोजून पाहा. शून्य असतील तर नाव बदलून ग्रामविकास समिती करा, त्यातही वाईट काही नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. अत्याचार झालेल्या स्त्रीचं किंवा बालकाचं नाव, फोटो, शाळा, घराचा पत्ता कुठेही येऊ द्यायचा नाही, सहानुभूतीच्या संदेशातसुद्धा नाही. तो गुन्हा आहे. बालकाचा प्रश्न असेल तर आधी १०९८. सिद्ध न झालेला आरोप समाजमाध्यमांवर टाकू नका, बदनामीचा एक खटला समितीचं वर्ष खातो. पैसे घेतले तर पावती द्या आणि हिशेब ग्रामसभेच्या फलकावर लावा. नोंदणी हवी असेल तर सात सभासद पुरतात, पण नोंदणीची वाट पाहत काम अडवू नका. अर्ज करायला नागरिक असणं पुरेसं आहे. कार्यकर्त्याला धमकी आली तर ती हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या, राष्ट्रीय आयोगात मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी स्वतंत्र संपर्क अधिकारी असतो त्याला प्रत पाठवा, आणि पुढचे काही दिवस कार्यकर्त्याला एकट्याला फिरू देऊ नका.

तुमच्याकडे एखादं जुनं प्रकरण पडून असेल तर आज घरी गेल्यावर त्याची तारीख बघा. घटनेला वर्ष उलटून गेलं की मानवी हक्क आयोगाला त्यात चौकशी करता येत नाही, तसं १९९३ च्या कायद्याचं कलम ३६ सांगतं. मग पर्वरीचं उच्च न्यायालय उरतं, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच असतो की इतके दिवस का थांबलात.